तिनं काय धरायचं होतं?

(तालुक्याच्या महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

मेळाव्याच्या विषयांच्या यादीत ‘रस्ता सुरक्षा’ असं लिहिलेलं पाहून काहीजणींनी मला सकाळीच विचारलं, की हा आपला विषय आहे का? हा तर आरटीओचा नाहीतर पोलिसांचा विषय. आपल्याकडे हुंडा आहे, मारहाण आहे, पोटगी आहे, रेशन आहे. त्यात हे कुठं आणलं? प्रश्न बरोबर आहे. काही वर्षांपूर्वी मलाही हा आपला विषय वाटत नव्हता. माझं मत बदललं ते एका सासूमुळं. तिचीच गोष्ट आधी सांगते. नाव-गाव सांगत नाही.

आमच्या सल्ला केंद्रात ही बाई आली तेव्हा तिच्या काखेला दहा महिन्यांचं मूल होतं. सून जाऊन महिना झाला होता. झालं होतं ते असं. मुलगा-सून बाजाराहून मोटारसायकलवर परत येत होते. दिवेलागणीची वेळ. सून मागं एका बाजूला पाय सोडून बसलेली. मांडीवर लेकरू, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी. गावाच्या अलीकडे एक गतिरोधक होता. त्याला ना रंग होता, ना आधी पाटी, ना दिवा. गाडी उडाली, आणि सून मागच्या मागं डांबरावर डोक्यावर पडली. पडताना तिनं लेकराला छातीशी धरून ठेवलं, म्हणून ते वाचलं. ती तिसऱ्या दिवशी गेली.

दहाव्याला जमलेले लोक काय बोलत होते, ते त्या सासूनं मला सांगितलं. ‘डुलकी लागली असेल.’ ‘पदर सावरत असेल.’ ‘बायकांना नीट धरून बसायला काय होतं?’ ‘वेळ आली होती, दुसरं काय.’ कागदावर लिहिलं होतं, ‘तोल जाऊन पडून.’ सगळं सांगून झाल्यावर ती मला म्हणाली, “बाई, मला एवढंच सांगा. एका हातात लेकरू, एका हातात पिशवी. तिनं काय धरायचं होतं?”

मला उत्तर देता आलं नाही. समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणात कुटुंब समुपदेशन शिकवलं होतं, कायदे शिकवले होते, पण या प्रश्नाचं उत्तर कुठल्या पुस्तकात नव्हतं. ते शोधायला लागले तेव्हा लक्षात आलं, की आपण बायका रस्त्यावर रोज असतो, पण रस्ता आखणाऱ्याच्या, गाडी बनवणाऱ्याच्या आणि विमा लिहिणाऱ्याच्या मनात मात्र नसतो. आज मला एवढंच मांडायचं आहे.

आधी थोडे आकडे. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचा दरवर्षी अहवाल निघतो. २०२२ सालच्या अहवालाप्रमाणे त्या एका वर्षात देशात ४ लाख ६१ हजारांवर अपघात झाले आणि १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली. आपल्या महाराष्ट्रात १५ हजारांहून जास्त. मेलेल्यांपैकी शंभरात चव्वेचाळीस जण दुचाकीवरचे होते आणि जवळजवळ वीस जण पायी चालणारे. म्हणजे मोटारीत बसणाऱ्यांपेक्षा मोटार नसलेलेच जास्त मरतात.

मरणाऱ्यांत पुरुष शंभरात पंच्याऐंशीच्या आसपास असतात. ते ऐकून वाटेल, की बायका सुरक्षित आहेत. पण तो पुरुष मेला की मागं कोण उरतं? तो अंथरुणाला खिळला तर त्याचं हगणं-मुतणं कोण काढतं? सासरच्या घरातून ‘तुझा पायगुण’ म्हणून कुणाला बाहेर काढतात? आमच्या केंद्रात येणाऱ्या विधवांत तिशीच्या आतल्या किती जणी अपघाताच्या विधवा आहेत, ते तुम्ही कार्यकर्त्या जाणताच. तेव्हा हा विषय आपला आहे. आकड्यात आपण कमी दिसतो, कारण आकडा मेल्यावर थांबतो. आपलं तिथून सुरू होतं.

आता मुद्द्याचं बोलू. आपण घरातून निघणाऱ्याला म्हणतो, ‘सांभाळून जा.’ प्रेमानंच म्हणतो. सरकारही तेच म्हणतं. घाटात पाट्या असतात, ‘घरी कुणीतरी वाट पाहत आहे.’ पण माणूस म्हटला की चुकणारच. डोळा लागतो, लक्ष उडतं, अंदाज चुकतो. स्वीडन या देशानं १९९७ साली आपल्या संसदेत एक धोरण मंजूर केलं. त्याचा गाभा असा, की माणसं चुकणार हे धरूनच रस्ता आणि गाडी बनवायची. चुकीची शिक्षा मरण असता कामा नये. रस्ता आखणारे, गाडी बनवणारे, कायदा राबवणारे आणि गाडी चालवणारे या सगळ्यांवर जबाबदारी वाटून टाकायची. आपल्याकडे मात्र सगळी जबाबदारी शेवटच्या माणसावर येते, आणि तो शेवटचा माणूस मागं बसलेली बाई असेल तर ‘पदर सावरत असेल’ म्हणून विषय संपतो.

म्हणून त्या सुनेच्या अपघाताकडे आपण तीन बाजूंनी पाहू. गाडी, रस्ता आणि चालवणारा.

गाडीपासून सुरुवात करते. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ सालचे आहेत. त्यांतला १२३ वा नियम किती बायकांना माहीत आहे? हा नियम सांगतो, की मोटारसायकलला मागं बसणाऱ्यासाठी बाजूला किंवा चालवणाऱ्याच्या आसनामागं पक्की मूठ पाहिजे, पाय ठेवायला जागा पाहिजे, आणि मागचं चाक निदान अर्धं झाकणारं असं संरक्षण पाहिजे, की मागं बसलेल्याचे कपडे चाकात अडकू नयेत. आपण ज्याला साडीगार्ड म्हणतो ते हेच. म्हणजे गाडीवर साडी नेसलेली बाई बसते, हे कायद्याला ठाऊक आहे. पण गाडी घेतली की पोरं पहिल्यांदा काय काढून टाकतात? साडीगार्ड! ‘लूक’ जातो म्हणून. त्या मुलानंही ते काढून टाकलं होतं. साडी त्या दिवशी चाकात अडकली नव्हती, हे खरं. पण साडीगार्डच्या खालच्या पट्टीवर एका बाजूला बसणारी बाई पाय टेकते. ती पट्टीच नसल्यामुळं सुनेचे पाय अधांतरी होते. म्हणजे हाताला आधार नव्हता तसा पायालाही नव्हता.

दोन्हीकडे पाय टाकून बसलं तर तोल चांगला राहतो. हे आपल्याला कळत नाही असं थोडंच आहे? पण नव्या सुनेनं तसं बसायचं म्हणजे गावभर चर्चा. साडीत ते जमतही नाही. ज्या सासूनं मला प्रश्न विचारला, तीच पुढं म्हणाली, “मीच तिला ड्रेस घालू देत नव्हते.” हे सांगताना तिचे डोळे कोरडे होते. मी तिला दोष दिला नाही आणि तुम्हीही देऊ नका. पण रीतभात आणि सुरक्षा यांचा संबंध कसा येतो, ते यातून दिसतं.

आता हेल्मेट. २०२२ साली हेल्मेट नसल्यानं देशात ५०,०२९ माणसं मेली, असं तोच सरकारी अहवाल सांगतो. त्यांतली १४,३३७ मागं बसलेली होती. हेल्मेटमुळं मरणाचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, असं जगभरचे अभ्यास एकत्र करून काढलेलं अनुमान आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ चालवणाऱ्याला आणि मागं बसणाऱ्याला, दोघांनाही हेल्मेट सांगतं. तरीपण आपल्याकडे गाडीवर हेल्मेट असलंच तर एकच असतं, आणि ते त्याच्या डोक्यावर. मुंबईत मागं बसणाऱ्यावर प्रत्यक्ष कारवाई सुरू व्हायला २०२२ चा जून उजाडला.

दिल्लीची हकिगत तर ऐकण्यासारखी आहे. तिथं १९९९ च्या नियमानं सगळ्याच बायकांना हेल्मेटमधून सूट दिली होती. शीख समाजाच्या धार्मिक भावनांचा प्रश्न होता म्हणून ती दिली गेली, पण लाभली सगळ्या धर्मांच्या बायकांना. २०१४ साली नियम बदलला आणि शीख स्त्रिया सोडून बाकी सगळ्यांना हेल्मेट बंधनकारक झालं. या पंधरा वर्षांत बाईला काय मिळालं? सवलत! डांबर काही बाई बघून मऊ होत नाही. मैत्रिणींनो, आपल्याला मिळणाऱ्या प्रत्येक सवलतीकडे एकदा निरखून पाहायला हवं. तिच्यात काही वेळा ‘हिचं डोकं फुटलं तरी चालेल’ एवढाच अर्थ असतो.

अंबाड्यावर हेल्मेट बसत नाही, गजरा चुरगळतो, केस गळतात, या तक्रारी मी रोज ऐकते. अंबाडा खाली मानेवर बांधला तर बसतं. आतून सुती रुमाल बांधला तर घाम टिपला जातो. हेल्मेटवर आयएसआयची खूण बघूनच घ्या. २०२१ च्या जूनपासून ती खूण नसलेलं हेल्मेट विकणंच बेकायदा आहे, तरी रस्त्याच्या कडेला टोपल्या मिळतात. त्या डोक्यापेक्षा पोलिसासाठी घेतलेल्या असतात. नवी दुचाकी विकताना कंपनीनं हेल्मेट पुरवलं पाहिजे, असाही नियम आहे. तो दाखवून मागून घ्या. आणि चार वर्षांच्या आतल्या लेकरासाठी २०२३ च्या फेब्रुवारीपासून नियम लागू आहे. लेकराला चालवणाऱ्याशी जोडणारा पट्टा बांधायचा, त्याच्या मापाचं हेल्मेट घालायचं आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत ठेवायचा. असा पट्टा त्या दिवशी असता तर सुनेचा एक हात मोकळा राहिला असता.

लग्नात जावयाला मोटारसायकल देण्याची रीत आपण मोडायला निघालो आहोत, आणि ती मोडायचीच आहे. पण गंमत बघा, जे बाप कर्ज काढून ती देतात, त्यांतला एकही आपल्या मुलीसाठी म्हणून हेल्मेट देत नाही.

चारचाकीतही हाच न्याय आहे. गाडी भिंतीवर आपटून चाचणी घेतात तेव्हा आत माणसाच्या जागी बाहुला ठेवतात. जगभर सगळ्यांत जास्त वापरला गेलेला बाहुला सत्तरच्या दशकात तयार झाला, तो पुरुषाच्या मापाचा. बाईचा म्हणून जो बाहुला वापरला जाई, तो बहुतांशी त्याच पुरुषाचं लहान केलेलं रूप. बाईची मान, छाती, कंबर वेगळी असते आणि ती आसन पुढं ओढून बसते, हे कुणी फारसं ध्यानात घेतलं नाही. अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की पट्टा बांधलेल्या पुरुष चालकाच्या मानानं पट्टा बांधलेल्या स्त्री चालकाला तशाच अपघातात गंभीर इजा होण्याची शक्यता ४७ टक्क्यांनी जास्त होती. शेवटी २०२२ साली स्वीडनमध्ये अॅस्ट्रिड लिंडर या संशोधक बाईच्या पुढाकारानं सर्वसाधारण स्त्रीच्या मापाचा बाहुला तयार झाला. आपल्याकडे गाड्यांना सुरक्षेचे तारे देणारी ‘भारत एनकॅप’ योजना १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली आहे. गाडी घेणाऱ्यांनी मायलेजआधी तारे विचारावेत, आणि आपण विचारावं, की चाचणीत बाई कुठं बसवली होती.

आता रस्ता. ज्या गतिरोधकावर ती सून उडाली, तो कुणी केला होता माहीत आहे? गावानंच. आदल्या वर्षी शाळेतली एक मुलगी तिथं गाडीखाली सापडली होती. लोक चिडले, त्यांनी रात्रीत मुरूम आणून उंचवटा केला. भावना खरी होती. पण गतिरोधकाचंही शास्त्र आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे तो साधारण ३.७ मीटर रुंद आणि मध्ये १० सेंटिमीटर उंच असावा लागतो, म्हणजे चढ-उतार हळुवार होतो. आधी पाटी हवी, वर रंगाचे पट्टे हवेत. आपल्याकडे होतात ते पाटावरवंट्यासारखे. एका मुलीला वाचवायला केलेला उंचवटा दुसऱ्या मुलीच्या जिवावर उठला, कारण पहिल्या मुलीच्या वेळी रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्यांनी आपलं काम केलं नव्हतं.

महामार्ग रुंद झाला की गावाचे दोन तुकडे होतात. घर अलीकडे, पाण्याची टाकी पलीकडे. शाळा अलीकडे, शेत पलीकडे. रस्ता दिवसातून आठ वेळा कोण ओलांडतं? बाई ओलांडते, डोक्यावर हंडा किंवा सरपण घेऊन. डोक्यावर ओझं असलं की मान वळवता येत नाही, हे इंजिनिअरला नकाशा काढताना आठवत नाही, कारण त्यानं कधी हंडा वाहिलेला नसतो. भुयारी मार्ग केला तरी अर्धा किलोमीटर लांब, अंधारा, त्यात पाणी साचलेलं आणि संध्याकाळी तिथं दारुडे बसलेले. मग ती वरूनच पळत जाते. आणि लोक म्हणतात, ‘सोय करून दिली तरी वापरत नाहीत!’ इथं रस्त्याची सुरक्षा आणि बाईची सुरक्षा एकमेकींत मिसळतात. उजेड, वर्दळ आणि सरळ वाट असेल तरच तो मार्ग बाईसाठी आहे.

वेगाचा हिशोब साधा आहे. ताशी ६० किलोमीटरनं गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटर जाते. चालकाला तुम्ही दिसून त्याचा पाय ब्रेकवर जायला एक सेकंद तरी लागतो. वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की मोटारीची समोरून धडक बसलेल्या पादचाऱ्याचा मरणाचा धोका ताशी ५० वरून ६५ किलोमीटरला जाताना साडेचार पट होतो. म्हणून २०२० साली स्टॉकहोमच्या जागतिक परिषदेत जाहीर झालं, की जिथं पायी चालणारे आणि गाड्या एकत्र येतात, तिथं वेगाची मर्यादा ताशी ३० असावी. आपल्या किती शाळांसमोर ती आहे?

हे होऊ शकतं, याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ साली १५१ माणसं मेली होती. तिथं सेव्हलाइफ फाउंडेशन ही संस्था, रस्ते विकास महामंडळ आणि महामार्ग पोलीस यांनी एकेक अपघात तपासला. उघडे पडलेले काँक्रीटचे कोपरे झाकले, कठडे बसवले, कडेला उभे राहणारे ट्रक हटवले, रुग्णवाहिका वेळेत पोचेल असं पाहिलं. पुढच्या काही वर्षांत मृत्यू निम्म्याच्या आसपास आले. चालवणारी माणसं तीच होती. पण हे मोटारवाल्यांच्या रस्त्यावर झालं. आपल्या तालुक्याच्या रस्त्यावर का होऊ नये?

मागायला आधार आहे. २०१९ च्या दुरुस्तीनं कायद्यात १९८-अ हे कलम आलं. रस्त्याचं डिझाइन किंवा देखभाल ठरलेल्या मापांप्रमाणे न केल्यामुळं मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर कंत्राटदाराला आणि जबाबदार यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं पादचाऱ्यांना पदपथ मिळणं हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधला, म्हणजे जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं सांगितलं. राष्ट्रीय महामार्गाच्या सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर इजा झालेले पाच अपघात झाले, किंवा दहा माणसं मेली, तर ती जागा ‘ब्लॅक स्पॉट’ ठरते. मग आपण दहाव्या मरणाची वाट बघायची का? आपल्या वहीत पहिल्याच अपघातापासून नोंद का ठेवू नये?

तिसरी गोष्ट चालवणाऱ्याची. अपघाती मृत्यूंतले शंभरात सत्तरहून जास्त वेगामुळं होतात, असं सरकारी आकडे सांगतात. हा वेग येतो कुठून? मुलगा गाडी दामटतो तेव्हा त्याला ‘मर्द’ म्हणतात. हळू चालवली तर ‘बायकांसारखी चालवतोस’ म्हणतात. तेव्हा मर्दानगीची ही कल्पना बायकांनाच जड जाते असं नाही, ती पुरुषांचाही जीव घेते. आणि मागं बसलेली बायको ‘हळू घ्या’ म्हणाली तर उत्तर येतं, ‘तू गप बस, तुला काय कळतं!’ त्या मुलानं मला रडत सांगितलं, “ती दोनदा म्हणाली होती, हळू घ्या.” मैत्रिणींनो, घरात बोलायला मिळत नाही तिथं गाडीवर कसं मिळेल? ज्या घरात बाईच्या शब्दाला किंमत आहे, त्या घरात बाई गाडीवरही जास्त सुरक्षित असते.

दारूबद्दल इथं सांगायला नको. आडवी बाटली करण्यासाठी गावोगाव मतदान घडवणाऱ्या बायका इथं बसल्या आहेत. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं महामार्गापासून ५०० मीटरच्या आतली दारूदुकानं बंद करायला सांगितलं होतं. पुढच्याच वर्षी त्याला शहरी हद्दीपुरत्या पळवाटा मिळाल्या. दारूविरोधी लढा नवऱ्याच्या मारापासून सुरू होतो, पण तो रस्त्यापर्यंत जातो.

आणि एक आयांसाठी. सोळा-सतरा वर्षांच्या पोराच्या हातात किल्ली देऊ नका. मे २०२४ मध्ये पुण्यात सतरा वर्षांच्या मुलाच्या हातातल्या महागड्या मोटारीनं दोन तरुण इंजिनिअर, एक मुलगा आणि एक मुलगी, चिरडले गेले. आपण सगळ्या संतापलो. पण आपल्याही गल्लीत ते रोज चाललेलं असतं, मोटार नसली तरी बुलेट असते. अल्पवयीनानं गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, असं आता कायदा म्हणतो.

आता मजुरीला जाणाऱ्या मैत्रिणींसाठी. खुरपणीला, कांदा काढायला, ऊसतोडीला टेम्पोत, पिकअपमध्ये, ट्रॉलीत वीस-वीस बायका उभ्याने नेतात. मुकादम म्हणतो, गाडीला विमा आहे. विमा असतो, पण तो कुणाचा? मालवाहू गाडीत बसवलेल्या प्रवाशांची भरपाई द्यायला विमा कंपनी बांधील नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं आशा राणी खटल्यात २००२ साली सांगितलं. मालाचा विमा असतो, माणसाचा नसतो. म्हणजे टेम्पो उलटला तर कांद्याची भरपाई मिळेल, बाईची मिळायची मारामार. तेव्हा मजुरी ठरवताना ‘गाडी कसली?’ हाही सौद्याचा भाग झाला पाहिजे. हंगामात उसाच्या ट्रॉलीमागं लाल परावर्तक पट्टी नसेल तर कारखान्याच्या गेटवरच ती अडवायला सांगा.

त्या सुनेच्या घरी तरी काय झालं? मोटारसायकलला विमा होता, फक्त सक्तीचा ‘थर्ड पार्टी’ प्रकारचा. त्यात मागं बसलेली व्यक्ती धरली जात नाही, असं २००६ सालच्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे. रस्त्यानं जाणारा परका माणूस धरला जातो, पण मागं बसलेली बायको नाही! सर्वंकष, म्हणजे पॅकेज पॉलिसीत ती धरली जाते. थोडे पैसे जास्त पडतात. घरातल्या गाडीचा कागद आज रात्री काढून बघा, कुठला विमा आहे ते.

जिथं भरपाई मिळते तिथंही कंपनीचा वकील विचारतो, ‘बाई कमवत काय होती?’ घरकाम म्हणजे शून्य. २०१० साली सर्वोच्च न्यायालयानं यावर बोट ठेवलं, की जनगणनेत गृहिणींना भिकारी आणि कैद्यांच्या रांगेत ‘काम न करणारे’ म्हणून बसवलं होतं. ५ जानेवारी २०२१ च्या कीर्ती खटल्याच्या निकालात न्यायमूर्ती रमणा यांनी सरकारी पाहणीचा दाखला दिला. बाई रोज सरासरी २९९ मिनिटं बिनपगारी घरकाम करते, पुरुष ९७ मिनिटं. म्हणून गृहिणीच्या कामाचं मोल धरलंच पाहिजे, असं त्यांनी म्हटलं. २०२४ च्या फेब्रुवारीत त्याच न्यायालयानं सांगितलं, की ते मोल रोजंदारी मजुराच्या किमान वेतनाच्या खाली धरता येणार नाही. आपल्या चळवळीनं जे वर्षानुवर्षं म्हटलं, ते असं मेलेल्या बायकांच्या खटल्यांतून मान्य झालं. जिवंतपणी मान्य करायला काय हरकत आहे?

काही गोष्टी लिहून घ्या. भरपाईचा अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात आपण राहतो तिथल्या हद्दीतही करता येतो. २०१९ च्या दुरुस्तीनं त्याला सहा महिन्यांची मुदत घातली, ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. या मुदतीवरून सर्वोच्च न्यायालयात वाद गेलेला आहे, पण तुम्ही त्याच्या भरवशावर थांबू नका, सहा महिन्यांच्या आतच अर्ज टाका. सुतकात, वर्षश्राद्धात दिवस घालवू नका. धडक देऊन गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर मृत्यूला २ लाख आणि गंभीर इजेला ५० हजार मिळतात. त्याचा अर्ज प्रांत किंवा तहसील कचेरीत असतो. २०२५ च्या मे महिन्यापासून जखमीवर पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत बिनपैशाचे उपचार करण्याची केंद्राची योजना आहे. दवाखान्यानं आधी पैसे मागितले तर तिचं नाव घ्या. जखमीला दवाखान्यात पोचवणाऱ्याला पोलीस जबरदस्तीनं अडकवू शकत नाहीत, त्यालाही कायद्याचं संरक्षण आहे.

आणि आपण मिळून काय करायचं? प्रत्येक गावच्या मंडळानं एक दिवस रस्त्यावर चालायचं. बाई कुठं ओलांडते, एसटीची वाट कुठं बघते, दिवा कुठं नाही, कोणता गतिरोधक रंगवलेला नाही, हे वहीत लिहायचं. ग्रामसभेत ठराव करून तो जिल्हाधिकाऱ्यांकडच्या रस्ता सुरक्षा समितीला पाठवायचा आणि पोच घ्यायची. आम्ही त्या गावात हेच केलं. बायका चार वेळा कचेरीत गेल्या. दोन वेळा साहेब भेटले नाहीत, एकदा ‘बाई, हे तुमचं काम नाही’ असं ऐकून आल्या. चौथ्या वेळी सासू नातवाला कडेवर घेऊन पुढं उभी राहिली. आज तिथं मापाचा गतिरोधक आहे, रंग आहे, पाटी आहे आणि सौरदिवा आहे. रंग दर पावसाळ्यानंतर पुसला जातो आणि बायका दर दिवाळीआधी पुन्हा अर्ज देतात.

त्या सासूच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ आज थोडंफार आहे. तिला धरायला गाडीला पक्की मूठ हवी होती. लेकराला पट्टा, पायाखाली पट्टी, डोक्यावर हेल्मेट, रस्त्याला रंग आणि उजेड हवा होता. आणि ‘हळू घ्या’ म्हटल्यावर ऐकणारा माणूस हवा होता. यांतली एकही गोष्ट तिच्या हातात नव्हती. पुढच्या बाईच्या हाताला ती लागावी, एवढ्यासाठी हा विषय आपल्या यादीत राहू द्या.